बिननावाची बटणं

“भाऊ, तुमनं मशीन कितलं झपाझप बोलस!” काउंटरपलीकडचे आबा कान पुढे करून म्हणाले.

“आबा, मी बी तितलंच झपाझप ऐकस,” म्हणत भाऊंनी त्यांचं पासबुक छापून हातात दिलं.

भाऊ आमच्या जळगावच्या पतसंस्थेत क्लार्क आहेत, माझ्या शेजारच्या खुर्चीत. त्यांना दिसत नाही. स्क्रीनवरचं सगळं कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवतो, इतक्या वेगात की मला नुसती चिवचिव ऐकू येते. मी पाचोऱ्याहून रेल्वेने आले की ते मला चिडवतात, “मॅडम, आलात का? आवाज नाही म्हणून विचारतो.” मी हसायचे. हसणं त्यांना दिसत नाही हे लक्षात यायला बरेच दिवस लागले. मग मी “हो” म्हणू लागले.

ऑफिसात मी तेवढंच बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठीत चुकले तर सगळे हसतील असं वाटतं. फोन वाजला की मला हमखास एखादी फाइल शोधायची असते.

परवा नवीन सॉफ्टवेअर आलं. बनवणाऱ्या कंपनीचे सर पुण्याहून शिकवायला आले होते. रंगीत चित्रांची बटणं पाहून सगळे खूश. भाऊंनी इअरफोन काढून कळ दाबली. कॉम्प्युटर बोलू लागला,

“बटण. बटण. बटण. बटण.”

“हा काय शर्ट शिवतोय का?” भाऊ म्हणाले. सगळे हसले, तेही हसले.

मग मॅनेजर साहेब म्हणाले, “भाऊ, असं करू, उद्यापासून तुम्ही आतल्या खोलीत फोन सांभाळा. तिथे कुणीतरी हवंच आहे. तुम्हालाही आराम.”

“साहेब, काउंटरवर मला माणसं भेटतात,” भाऊ म्हणाले आणि इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी बटणांची हीच चूक केली म्हणून माझे मार्क कापले होते. काय करायचं ते मला माहीत होतं. पुण्याचे सर लॅपटॉप बंद करू लागले. मी उभी राहिले. सगळ्यांनी वळून पाहिलं, म्हणून मी टेबलाकडे बघत बोलले,

“सर, बटणांवर चित्रं आहेत, पण आत कोडमध्ये त्यांची नावं लिहिलेली नाहीत. ती लिहून द्या, म्हणजे भाऊंचा कॉम्प्युटर वाचेल. तोपर्यंत त्यांच्याकडे जुनंच सॉफ्टवेअर राहू द्या. आणि फोन... फोन मी घेते.”