देवघरात चालणारा शंख

हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरून आणलेला लिंबाएवढा शंख गंगासागरनं धर्मापुरीच्या घरी देवघरात ठेवला. सकाळी बघते तर समईजवळचा शंख पिंडीला जाऊन टेकलेला! समुद्र जन्मात पहिल्यांदाच पाहिलेली ती. तिचे हातच जोडले गेले. शेजारच्या तुळजामावशीच्या कानावर घातलं, आणि दुपारी गल्लीतल्या बाया खडीसाखर घेऊन दारात.

वीस वर्षं ती नुसती किराणावाल्या मन्मथप्पांची बायको होती. आता बाया तिच्या घरी हळू आवाजात बोलायच्या, जाताना तिच्याही पाया पडायच्या.

तिसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवून ती वाकली, तर शंखाच्या तोंडातून दोन बारीक नांग्या भाताचं शीत आत ओढत होत्या.

कॉलेजात जाणारी लेक शिवांजली म्हणाली, "आई, खेकडा हाय हा. रिकाम्या शंखात राहतो, किनाऱ्यावरचं पडलंझडलं खातो. ह्याला खारं पाणी लागतं, आन् तू गोड्या पाण्यानं आंघोळ घालायलीस!"

"हळू बोल. लिंगायताच्या देवघरात खेकडा म्हणल्यावर तोंड कुठं दाखवू?"

"मग वाटीत मिठाचं पाणी तर ठेव."

दुकानात मिठाची पोती होती. पण वाटी दिसली की बाया विचारणार. "सोमवार होऊ दे," ती म्हणाली. सोमवारी बाया अभिषेकाला यायच्या होत्या.

सोमवारी शंखावर अकरा तांबे पाणी पडलं. दुसऱ्या तांब्याला नांग्या आत गेल्या, त्या पुन्हा दिसल्या नाहीत. गंगासागरनं पाहिलं, आणि पुढचा तांब्या भरून दिला.

बुधवारी तुळजामावशी सुनेला दर्शनाला घेऊन आली. उंबऱ्यातच नाकाला पदर लावला. "गंगासागर, वास कशाचा गं?"

उंदीर म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं.

"शंखात खेकडा होता, मावशी. मेला. जित्ता हाय ते मला ठाऊक होतं."

"आगं, मग आमच्या हातून पाणी कावून घातलंस?"

"तुमी परत यायच्या न्हाईत म्हणून."

मावशीनं आणलेली खडीसाखरेची पुडी परत कमरेला खोचली.

"आमच्यात खेकड्याचा रस्सा करत्यात, बाई," ती म्हणाली. "पण देव म्हणून पाया पडून कुणी मारत न्हाई."

सुनेचा हात धरून ती पायऱ्या उतरली. गंगासागर तिला थांब म्हणाली नाही.