पितळेच्या तीन तिरप्या घोड्या

आमचे धनराज भाऊजी ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी खात्यात होते. आपण वस्तू बघतो, भाऊजींना आधी तिचा वाकडेपणा दिसतो. देवघरातल्या तसबिरी तेच सरळ करतात. ताटात पोळी वाढली तरी क्षणभर तिच्याकडे बघतात. मी म्हणते, "भाऊजी, विमानाला नाही बसवायची, खायचीय."

निवृत्तीनंतर त्यांनी आडगावच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये छोटा लेथ मांडला. जाऊबाई गेल्या तेव्हा त्यांची संजना चार वर्षांची होती. ती माझ्याकडेच वाढली, मला मोठी आई म्हणते. आता ती इलेक्ट्रिक गिटार वाजवते. दुपारी मागच्या झेंडूवर ऊन पसरलेलं असतं, मी जपाला बसलेली असते आणि माडीवरून तो आवाज खाली उतरतो. माळ हातात आपोआप फिरत राहते. मी जागी आहे की नाही, मलाच कळत नाही. देव रागावत नसावा.

गिटारच्या तारा खालच्या बाजूला ज्यावर टेकतात त्याला संजना सॅडल म्हणते. मी घोडी म्हणते, तंबोऱ्याला असते तशी. तिच्या गिटारला पितळेच्या तीन घोड्या, एकेकीवर दोन दोन तारा. मागच्या महिन्यात तिने कुरियरने नव्या मागवल्या. पाकीट आलं तेव्हा ती बाहेर गेली होती. भाऊजींनी ते उघडलं आणि डोळ्याला भिंग लावलं.

"वहिनी, स्क्रूची भोकं तिरपी पाडलीत हो! दोन घोड्या इकडे वाकड्या बसणार आणि मधली तिकडे. निदान एकसारखं तरी चुकावं माणसानं."

कारखान्यात नापास झालेला भाग चुकूनही विमानात जाऊ नये म्हणून तिथल्या तिथे ठेचून टाकायचे. भाऊजींच्या हाताला तीच सवय. शेडमधून तीन ठोके ऐकू आले. मग दिवसभर लेथवर बसून त्यांनी स्वतः तीन घोड्या केल्या, भोकं अगदी काटकोनात. देवापुढे ठेवल्या आणि मग लेकीच्या हातात दिल्या.

संजनाने हौसेने बसवल्या. मोकळ्या तारा गोड वाजल्या. पण बोटं जसजशी पट्टीवर पुढे सरकली तसतसे सूर आंबट व्हायला लागले.

"पप्पा, कुरियरने आलेल्या कुठायत?"

भाऊजींनी चेपलेलं पितळ पुढे केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "त्या मुद्दाम तिरप्या होत्या. शेजारच्या दोन तारांना लांबी वेगळी लागते. घोडी सरळ असली की एक तरी बेसूर होते."

"मुद्दाम?"

"रविवारी माझा पहिला कार्यक्रम आहे. आता स्टीलच्याच आणते, दुकानात मिळतात. सहा तारांना सहा. आवाज कोरडा येतो, पण सूर चुकत नाही."

भाऊजी संध्याकाळी जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "संजू, किती वाकडं पाहिजे ते मला ऐकव."

तिने एका घोडीचा स्क्रू ढिला केला. ती तार छेडायची, भाऊजी बोटाने घोडी जराशी ढकलायचे. "अजून, पप्पा. थोडं. बास." मग ती पेन्सिलीने खूण करायची. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. एकच सूर पुन्हा पुन्हा येत होता, विहिरीत खडा पडल्यावर पाणी हलत राहतं तसा. ऊन भिंतीवरून कधी सरकलं ते कळलं नाही. मोजायला हातात काही नव्हतं, म्हणून भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते. ते इतके शांत बसलेले मी जाऊबाई गेल्यापासून पाहिले नव्हते.

पितळेला तिरपं भोक पाडताना मात्र त्यांचा हात दोनदा मागे आला.

रविवारी सकाळी संजनाने त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं. आधी एका प्रकारच्या घोड्या बसवून वाजवलं, मग अर्ध्या तासाने दुसऱ्या. "सांगा, कुठल्या चांगल्या?"

"पहिल्या," भाऊजी लगेच म्हणाले. "त्या स्टीलच्या ना? दुसऱ्या माझ्या. मधल्या घोडीच्या एका तारेत केसभर खोट राहिलीय. पहिल्या चढव परत."

"नाही. मी ह्याच वाजवणार."

"अगं, खोट सांगतोय मी!"

"मलाही ऐकू येते ती. पण त्या सहाजणी आपापलं म्हणतात, पप्पा. ह्या एकमेकींना धरून गातात."

भाऊजींनी मागे वळून पाहिलं नाही. खिडकीबाहेर बाया झेंडू खुडत होत्या. त्यांच्याकडे बघतच म्हणाले, "वाजव पुन्हा."

तिने वाजवलं. त्या तारेवर तिचं बोट गेलं की त्यांची मान किंचित हलायची आणि पुढच्या सुराला पुन्हा स्थिर व्हायची.