सायलीचा डावा सुळा

सिरसाळ्याच्या पेठेत मोहनराव डॉक्टरांचा दातांचा दवाखाना आहे. आत एक जुनी खुर्ची, वर पत्रे. लेकराचा दुधाचा दात काढला की मोहनराव तो कापसात गुंडाळून त्याच्याच हातात देत आणि बाहेर नेऊन पत्र्यावर फेकायला लावत. पत्रा वाजला की रडणारं लेकरू हसायचं, आणि त्याची आई म्हणायची, "डॉक्टरसायबाच्या हातानं दुखत न्हाई बघा." निम्म्या गावाचे दुधाचे दात त्या पत्र्यावर गेले असतील. 'दुखत न्हाई' या एका वाक्यावर मोहनरावांचं आयुष्य सुखात चाललं होतं.

मग परळीला पंचशीलाचा दवाखाना निघाला आणि त्या सुखाला कीड लागली.

पंचशीला ही पोस्टातल्या कचरूंची मुलगी. तिचाही एक दात त्याच पत्र्यावर गेलेला. डेंटल कॉलेजात असताना सुट्टीत ती मोहनरावांच्या खुर्चीमागे उभी राहायची. पक्कड कशी धरावी हे त्यांनीच तिला दाखवलं. पुढे ती वेडेवाकडे दात सरळ करण्याचं वरचं शिक्षण घेऊन आली. तिच्या उद्घाटनाला मोहनरावांनी नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि घरी येऊन ॲसिडिटीची गोळी घेतली.

बघता बघता सिरसाळ्याची पोरं परळीहून दातांना तारा बसवून येऊ लागली. "पोरगी कोणाची?" असं आधी विचारणारेही आता तिच्या जिन्यावर नंबर लावून बसायला लागले. तारेचं पोर समोरून आलं की मोहनराव रस्ता बदलत. "लई शिकली हाय," ते बायकोला, सुंदरबाईंना म्हणत, "पण तिच्याकडं पत्रे हायेत का? दात डबीत घालून देती म्हणं."

सुंदरबाई शेंगा फोडता फोडता विचारायच्या, "पोटात दुखतंय जणू. ओवा देऊ का?"

त्या वर्षी शाळेत दाततपासणी झाली. दरसालचं हे काम मोहनरावांचं. यंदा हेडमास्तरांनी पंचशीलाला बोलावलं. मोहनरावांना निरोपसुद्धा नाही. संध्याकाळी त्यांची नात सायली घरी आली. तिचे आईबाप पुण्याला नोकरीला, ती आजीआजोबांपाशी शिकत होती.

"आबा, मॅडमनी माझ्या हिरडीवर बोट फिरवलं. म्हणल्या, उजवा नवा सुळा वर हाताला लागतोय, डावा लागत न्हाई. आबांकडून फोटो काढून घे म्हणल्या."

मोहनरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दर दिवाळीला ते नातीचं तोंड उघडून बघत. अकरावं सरलं तरी डावीकडचा दुधाचा सुळा जागचा हलला नव्हता आणि हे ते चारचौघांत कौतुकाने सांगत, "आमच्या घराण्याचे दात! दुधाचाबी जागा सोडत न्हाई." गावातल्या कितीतरी आयांना त्यांनी हेच सांगितलं होतं, की न दुखणारा दात कशाला काढायचा? आणि आता कालची पोर त्यांच्याच घरात त्यांची चूक काढणार! "तिला म्हणावं, आमी काय इतके दिवस म्हशीचे दात बघत होतो का?"

पण सकाळी राहवलं नाही. त्यांनी सायलीला खुर्चीत बसवून हिरडीवर बोट फिरवलं. उजवीकडे दुधाच्या दाताच्या वर छोटासा टणक उंचवटा लागला. डावीकडे सपाट. पुन्हा फिरवलं. सपाटच. जुन्या एक्स-रे मशीनवर फोटो काढला तेव्हा सगळं दिसलं. नवा सुळा यायच्या वाटेवर नव्हताच. तो आडवा होऊन पुढच्या दाताच्या मुळाला जाऊन टेकला होता. असा सुळा अडकून राहिला तर शेजारचं मूळ खाऊन टाकतो आणि चांगला पुढचा दात हलायला लागतो, हे मोहनरावांना कुणी शिकवायला नको होतं.

त्यांनी त्याच क्षणी परळी गाठायला हवी होती. त्यांनी गाठली नाही. आज बाजार आहे, उद्या लग्न आहे, असं करत दिवस काढले. खरं सांगायचं तर त्यांना नातीच्या दातापेक्षा तो जिना जास्त दिसत होता. आपण त्यावर नंबर लावून बसलो आणि गावातलं कुणी वरून उतरलं तर?

शेवटी सुंदरबाईच कडाडल्या. "तुमचं नाक ऱ्हावं म्हणून पोरीचा दात घालवता का?"

परळीला पंचशीलाने त्यांना जिन्यावर बसूच दिलं नाही. खुर्चीवरून उठली, आपली खुर्ची त्यांना दिली. जरा वेगळ्या बाजूने आणखी एक फोटो काढला, दोन्ही शेजारी लावले आणि सुळा टाळूच्या बाजूला गेल्याचं दाखवलं. मोहनराव मनातून वाट बघत होते, की ही कुठेतरी चुकेल. ती चुकली नाही.

"सर, अजून वेळ गेली न्हाई. मूळ शाबूत हाय," ती म्हणाली. "दुधाचा सुळा काढला की बहुतेक ह्याला वाट सापडंल. वरीसभर बघू. न्हाईच आला, तर हिरडी उघडून बारीक साखळीनं हळूहळू ओढून आणू." मग जरा थांबून म्हणाली, "दात मात्र तुमीच काढा. तुमच्या हातानं दुखत न्हाई."

मोहनरावांचंच वाक्य ती त्यांना परत देत होती. आपल्याच घरचं ताट दुसऱ्याने वाढावं तसं त्यांना झालं. सिरसाळ्याला परत येऊन त्यांनी आपल्या खुर्चीत दात काढला. सायलीने तो फेकला, पत्रा वाजला.

पुढे दर रविवारी ते नातीच्या हिरडीवर बोट फिरवू लागले. अधूनमधून सायली आजीबरोबर परळीला दाखवून यायची, त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. सुळा यावा असं त्यांना फार वाटे. पण तो आधी आपल्याला सापडावा, असंही तितकंच वाटे; कधीकधी तर हेच जास्त.

संक्रांत झाली आणि एका रविवारी बोट अडलं. डावीकडे, बरोबर जागेवर, छोटासा टणक उंचवटा.

"लागला! अगं, लागला!" मोहनराव ओरडले. डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच क्षणी ते फोन शोधायला लागले. पंचशीलाला सांगायचं होतं. तिच्या आधी आपल्याला सापडला, हे सांगायचं होतं.

सायलीने ओठ पुसले. "फोन कावून करता, आबा? मॅडमला ठाव हाय."

"कसं काय?"

"मागच्या खेपेला त्यांनी बोट लावलतं ना. तवाच लागला. म्हणल्या, आबांना सांगू नको. त्यांचं त्यांना सापडू दे."

मोहनराव फोन हातात धरून उभे राहिले. ती पुढे गेली असती तर त्यांनी सोसलं असतं. त्याची आता सवय झाली होती. पण ती मुद्दाम मागे थांबली आणि तिने त्यांना पुढे जाऊ दिलं, हे कसं सोसायचं ते त्यांना कळेना.

"काय झालं?" स्वयंपाकघरातून सुंदरबाईंनी विचारलं. "ओवा देऊ का?"

"दे," मोहनराव म्हणाले.