पत्रकातून गाळलेला शब्द

पत्रकात ‘कदाचित’ लिहायचं नसतं. खड्ड्यांविरुद्धच्या चळवळीत मला सगळ्यात आधी हेच शिकवलं. वाचणारा नाक्यावर घाईत उभा असतो, त्याला ठाम काय ते सांगा.

बाबा मनवेलपाड्यात खड्ड्यात स्कूटरसकट पडले. तेव्हापासून त्यांचं बोलणं मंदावलंय. वाक्य सुरू करतात, मध्येच थांबतात, आपण वाट बघायची. साध्या एमआरआयमध्ये काही निघालं नाही. रस्त्याचा ठेकेदार म्हणाला, “वय झालंय त्यांचं.” हे मला सहन होईना.

मग मुंबईत एका संशोधनासाठी त्यांचा वेगळ्या प्रकारचा एमआरआय झाला. संशोधक बाईंनी पडद्यावर रंगीत धागे दाखवले.

“हा फोटो नाही हं. मेंदूतल्या तंतूंच्या दिशेने पाणी सहज सरकतं, आडवं कमी. ते सरकणं मोजून तंतू कसे असतील याचा आम्ही अंदाज बांधतो. इथे एकाच दिशेने सरकण्याचा आकडा कमी आलाय. कदाचित इजा असेल. कदाचित तिथे तंतू एकमेकांना छेदत असतील, तरी आकडा कमीच येतो. एकट्या माणसाबद्दल यावरून ठाम सांगता येत नाही.”

घरी दाखवायला म्हणून मी ते चित्र मागून घेतलं. दोन दिवसांत ते आमच्या पत्रकावर छापून फुलपाड्यातल्या दुकानादुकानात होतं. वर मथळा: ‘खड्ड्याने मेंदू फाडला, हा घ्या पुरावा.’

बाईंचा फोन आला. आवाज चढला नव्हता. “मला कुणी विचारलं तर मी खरं सांगेन. मग तुमच्या बाबांना खरंच त्रास होतोय, हेही कुणी मानणार नाही.”

पत्रकं परत गोळा करू म्हटल्यावर चळवळीतली पोरं हसली. “माघार घेतोस? मग तूच घे, एकट्याने.”

घेतली. दुकानदार विचारायचे, “काय रे, खोटं होतं का?” खोटं नव्हतं. आणि खड्ड्याबद्दल कसला आलाय अंदाज, तो अजून तिथेच आहे. पण एवढं ऐकायला कोण थांबतंय?

घरी बसून एकेका पत्रकावरचा मथळा खोडत होतो, वर पेनाने ‘कदाचित इजा’ लिहीत होतो. बाबांनी एक उचललं, बराच वेळ वाचलं.

“यात माझं डोकं आहे,” ते म्हणाले. थांबले. मी पेन खाली ठेवलं. “मी... कुठाय?”

 त्यांनी पत्रकाची घडी घातली, कडेला ठेवली आणि दुसऱ्या पत्रकासाठी हात पुढे केला.