मॅनेजेबल आहे, सर!

स्टाफरूममध्ये किस्से खडूच्या भुकटीसारखे साचतात. कोणी झटकत नाही, आणि कपड्यांना लागून ते घरापर्यंत येतात. आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत ते एकाच शब्दाभोवती साचले : मॅनेजेबल. इंग्रजी मी शिकवतो, त्यामुळे आणला मीच. अर्थ सांगितला, 'आवाक्यातलं, निभावता येईल असं.' आठवड्याभरात शाळाभर झाला!

*

वर्गात वाक्य मागितलं. एक मुलगी उठली, "माय फादर इज मॅनेजेबल!"

म्हटलं, "अगं, माणसाला सहसा नाही म्हणत. काम, खर्च, दुखणं, अशांना म्हणतात."

"मंग आमची माय बाबाले रोज कशी मॅनेज करून राहिली?"

*

गणिताचे भोंगाडे सर सौंसरहून येतात. त्यांनी तर तो शब्द पाळलाच. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "दोन वर्ग एका खोलीत? कसं जमतं?"

"मॅनेजेबल आहे, सर. अर्धी पोरं येतच नाहीत!"

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्यावरून सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. भोंगाडे सर पहिल्यांदाच बघायला आले, माझ्या शेजारी मागे उभे राहिले, तरी कपाळ फुटलं. पट्टी बांधून माझ्याच घरी चहाला बसले.

"फार दुखून राहिलं का, सर?" सुनंदानं, माझ्या बायकोनं विचारलं. तिचं माहेर सावरगाव.

"मॅनेजेबल आहे, वहिनी."

"माफ करा हं. आमच्याकडच्यांचा नेम चुकला. शेजारी आमचे हे उभे होते ना!"

*

पुढच्या वर्षी सुनंदाला घेऊन नागपूरला गेलो. डॉक्टर रिपोर्ट बघत माझ्याशी इंग्रजीत बोलले. बरं होणारं नाही, पण मॅनेजेबल आहे.

बाहेर बाकावर तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

"आवाक्यात आहे म्हणाले."

"कोणाच्या?"

इतकी वर्षं शिकवतो. हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता.

*

सुनंदाला जाऊन आता वर्ष होईल. स्टाफरूममध्ये तो शब्द कोणी काढत नाही. भोंगाडे सरांच्या ओठांवर येतो, मग ते खोकतात.

*

शेवटच्या दिवसांत सर घरची संत्री घेऊन तिला भेटायला आले. खाटेजवळ बसून सोलायला लागले.

"वहिनी, कसं वाटून राहिलं?"

"माझं राहू द्या, सर. यांना साधा वरणभात येत नाही. तुमच्या डब्यासोबत यांचाही एक डबा आणत जाल का?"

"आणीन ना, वहिनी! त्यात काय!"

"रोज?"

"रोज."

ती हसली. "मॅनेजेबल आहे ना, सर?"

भोंगाडे सरांनी मान खाली घातली. हातातलं संत्रं केव्हाच सोलून झालं होतं. तरी सर सोलूनच राहिले होते.