वाणासोबत वाटलेलं पत्रक

कॅनडातल्या किचनर शहरातल्या त्या बेसमेंटमध्ये आम्ही दोघी दीड वर्ष राहिलो. खिडकी जमिनीलगत होती, त्यामुळे बर्फ साचला की भर दुपारी दिवा लावावा लागायचा. ती प्रॅक्टिकल नर्सिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा करत होती आणि मी त्याच कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकत होते. संध्याकाळी ती माझ्या दंडाला पट्टा बांधून ब्लड प्रेशर मोजायचा सराव करायची, आणि नेमकं तेव्हाच मला तिला काहीतरी समजावून सांगायचं असायचं.

"बोलू नकोस गं पुढारीणबाई," ती म्हणायची. "तुझी क्रांती वर चढते आणि माझं रीडिंग चुकतं."

ही बोलायची सवय घरची. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करायचे. आमच्याकडे पत्रकांचे गठ्ठे उचलल्याशिवाय पाहुण्याला बसायला जागा मिळायची नाही. मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. 'पगारवाढ' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता यायचा. त्यामुळे परदेशात आले तरी माझी नजर अन्याय शोधतच फिरायची, आणि तो मला आमच्याच स्वयंपाकघरात सापडला.

ती मिरजेची. वडील एसटीत क्लार्क होते, आता निवृत्त. तिच्या शिक्षणासाठी त्यांनी राहता फ्लॅट तारण ठेवून अठरा लाखांचं कर्ज काढलं होतं. परदेशी शिक्षणाच्या एजंटाने त्यांना नर्सचा तासाचा पगार रुपयांत करून दाखवला, महिन्याचा हिशोब मांडला आणि दोन वर्षांत सगळं फिटेल असं सांगितलं. भाडं, टॅक्स, बसचा पास, ग्रोसरी, यांतलं काहीही त्याने रुपयांत करून दाखवलं नव्हतं. शिवाय कोर्सचाच भाग असलेली प्लेसमेंट होती. आठवड्यातून दोन दिवस शेजारच्याच केंब्रिज गावातल्या एका हॉस्पिटलात बारा-बारा तास काम, पगार शून्य, आणि त्या सेमिस्टरची फी मात्र पूर्ण. पहाटे पाचची बस पकडून ती जायची आणि परतल्यावर जॅकेटही न काढता कार्पेटवर आडवी होऊन पाय भिंतीला टेकवायची. कामाचे पैसे मिळत नाहीत इतकंच नाही, कामासाठी पैसे भरावे लागतात, हे माझ्या डोक्यातून जाईना.

एका रविवारी थालीपीठ खाता खाता आम्ही खरा हिशोब मांडला. यावेळी कमाईही डॉलरमध्ये आणि खर्चही डॉलरमध्ये. तिने एकेक आकडा सांगितला, मी लिहून घेतला. कर्ज फिटायला नोकरी लागल्यावर सहा वर्षं, तीही काटकसर केली तर. ती म्हणाली, बाबांना दोनच वर्षं माहीत आहेत, नोकरी लागली की मी सांगेन. हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. माझ्या कानात फक्त सहाचा आकडा घुमत होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू इथल्या मराठी मंडळाने एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. तिची त्या दिवशी प्लेसमेंट होती. वाण द्यायचं काम माझ्याकडे आलं. झाकणाचे छोटे डबे होते. प्रत्येक डब्यात मी एक पत्रक गुंडाळून ठेवलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'डॉलर कमवाल, पण जगालही डॉलरमध्येच'. खाली प्लेसमेंटला पगार मिळावा ही मागणी, आणि उदाहरण म्हणून मिरजेची एक विद्यार्थिनी, वडील एसटीतून निवृत्त, फ्लॅट तारण, कर्ज अठरा लाख, फेडायला सहा वर्षं. नाव घातलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या पत्रकांतही उदाहरण खरं असायचं आणि नाव नसायचं. पण इचलकरंजीत तसं कर्ज असलेले कामगार गल्लोगल्ली होते. आमच्या मंडळात नर्सिंग करणारी मिरजेची मुलगी एकच होती.

पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेल्या, डॉक्टरकी करून निवृत्त झालेल्या एक काकू तिळगूळ चघळत पत्रक वाचत होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ही तुझी रूममेट ना गं? तिला विचारून छापलंयस?"

प्रश्न एका मुलीचा नाही, तत्त्वाचा आहे, असं मी सांगितलं. काकूंनी पत्रकाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. तोवर कोणीतरी पत्रकाचा फोटो काढलाही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. मी पोहे परतत होते. तिने फोन चहाच्या डब्याला टेकवून उभा केला. मिरजेत संध्याकाळ झाली होती. नात्यातल्या कोणाच्या तरी ग्रुपवरून तो फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता आणि त्यांनी दुकानात जाऊन त्याची प्रिंट काढून आणली होती. ते चिडले नव्हते, ते मला जास्त जड गेलं. फीसाठी बँकेकडून कर्जाचा शेवटचा हप्ता सुटायला त्यांची सही लागणार होती. फॉर्म समोरच होता. मी सही करणार नाही, ते शांतपणे म्हणाले. झाला तेवढा खर्च पुरे. परत ये, मिरजेत हॉस्पिटलांना तोटा नाही.

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी गॅस बंद केला.

"बाबा, आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली. "दोन वर्षं लागणार नाहीत हे मला कळलं होतं, तरी तुम्हाला सांगितलं नाही. सहा लागतील. पण आत्ता परत आले तर कर्ज राहील आणि हातात डिप्लोमा नसेल. मिरजेच्या पगारात त्याचं व्याजसुद्धा निघणार नाही."

मग त्यांनी अचानक विचारलं की तिथे तुला नक्की काय करावं लागतं. हा प्रश्न त्यांनी आधी कधी विचारला नव्हता, ते नेहमी मार्क विचारायचे. तिने सांगितलं. जखमेचं ड्रेसिंग कसं बदलते, एक आजोबा फक्त तिच्याच हातून गोळ्या घेतात आणि घेण्याआधी प्रत्येक गोळीचं कारण विचारतात. बराच वेळ ती सांगत होती आणि ते ऐकत होते. मी गॅसपाशी ताटं घेऊन तशीच उभी होते.

"व्याज माझ्या पेन्शनीतून जाईल," शेवटी ते म्हणाले. "मुद्दल तुझं. आणि यापुढे आकडा आधी मला कळला पाहिजे."

कॉल संपल्यावर मी माफी मागायला लागले आणि दोन वाक्यांत पुन्हा प्लेसमेंटच्या पगारावर घसरले. तिने मला थांबवलं.

"तुझं म्हणणं खरं आहे गं. पण ते माझ्या बाबांच्या घराच्या कागदांवर उभी राहून बोललीस."

वसंतात ती पास झाली, मग नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षाही झाली. आता ती केंब्रिजमध्ये वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये नोकरी करते आणि मी टोरोंटोत छपाईच्या कामात आहे. त्या अंधाऱ्या बेसमेंटइतकं आपलं वाटणारं घर मला या शहरात अजून मिळालेलं नाही. प्लेसमेंटला पगार मिळायलाच हवा असं मी आजही म्हणते आणि पत्रकंही काढते. त्यांत आता आकडे माझ्या स्वतःच्या कर्जाचे असतात.

दर दुसऱ्या शुक्रवारी पगार झाला की ती पगाराच्या चिठ्ठीचा फोटो मिरजेला पाठवते, हे मला तिनेच एकदा सांगितलं. तो फोटो मी कधी पाहिला नाही. किती राहिलं गं अजून, असं विचारायचं दर फोनला ओठांवर येतं. मी तिच्या नर्सिंग होममधल्या आजोबा-आज्यांची चौकशी करते आणि ती सांगत राहते.