कुंडलिकेत डोक्याला हात

माझी ही फजिती दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका, कारण आमची साक्षी ती सांगताना मीठमसाला फार घालते.

साक्षी म्हणजे माझी मुलगी, कॉलेजात आहे. बापाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला माणूस शर्ट देतो की नाही? हिने कयाकिंग दिलं. म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, आणि कुंडलिका नदीत एकट्याने जायचं. आम्ही वरसे गावचे. रोज पुलावरून पलीकडच्या अष्टमी गावात जातो, त्यामुळे नदी माझ्या ओळखीची. पण वरून.

शिकवायला वैशाली नावाची काठावरच्याच गावातली मुलगी होती. ती सूचना देत होती तेव्हा मी काय करत होतो? लाइफ जॅकेट घालून बायकोकडून फोटो काढून घेत होतो. सासुरवाडी पेणची, मेहुण्यांच्या ग्रुपवर टाकायचा होता. सूचनांपैकी "काका, घाबरू नका" एवढंच माझ्या कानावर पडलं.

पाण्यात गेलो. उजवीकडे वल्हं मारलं की होडी डावीकडे वळते, डावीकडे मारलं की उजवीकडे. सरळ जायची सोयच नाही. दोन गिरक्या घेतल्या आणि प्रवाहाने मला पलीकडच्या काठच्या झुडपात नेऊन घातलं. तोंडात फांदी, आणि मला पोहता येत नाही. मी डोक्याला हात लावला.

तर लांबून वैशालीनेही डोक्याला हात लावला.

बरोबर आहे, असला शिष्य तिने पाहिला नसेल. पण हसत हसत? मी केविलवाणा चेहरा करून पुन्हा हात लावला. तिने पुन्हा लावला. मागून साक्षी तिच्या होडीतून आली. तिनेही माझ्याकडे बघून डोक्यावर हात ठेवला आणि मजेत पुढे निघून गेली. पोटची पोर हो.

तेवढ्यात होडी झुडपातून सुटली आणि पाठमोरी वाहायला लागली. मी वल्हं सोडून दोन्ही हात डोक्याला लावले. वल्हं मात्र माझ्याशिवाय अगदी सरळ निघालं. ते वाहताना दिसलं तेव्हा कुठे वैशाली सपासप आली आणि तिने माझी होडी धरली.

"काका, अडकला व्हता तर ठीक हाय असं कशाला सांगत व्हता?"

"मी कधी सांगितलं?"

"तीन येला डोक्यावर हात ठेवलात की. लांबून आवाज पोचत नाय, म्हणून डोक्यावर हात म्हणजे 'मी ठीक हाय'. मदत पायजे तर वल्हं उभं धरून हलवायचं. सुरुवातीलाच सांगितलं व्हतं."

"अगं, आम्ही डोक्याला हात लावतो तो सगळं बिघडल्यावर."

ती इतकी हसली की तिचीच होडी डुलायला लागली. मग मात्र अर्धा तास माझ्या शेजारी राहून तिने मला शिकवलं. एकदा उजवं, एकदा डावं, हाताने नाही तर कमरेतून वळायचं. शेवटचा टप्पा मी एकट्याने, बऱ्यापैकी सरळ आलो. खरं सांगतो, छाती फुगली होती.

काठावर बायकोने चहा दिला. वैशालीने तिला विचारलं, "काकू, काका काय करतात?"

मी विषय बदलायच्या आत बायको म्हणाली, "कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत गो. नवीन माणूस कामावर आला की सूचना लक्ष देऊन कशा ऐकायच्या, ते हेच शिकवतात."